आईची तीन वाक्यं

"बावीस," यंत्रावरचा आकडा वाचत शिरीन म्हणाली, आणि वर्गातली अठराच्या अठरा माणसं एकदम आपापल्या चपला बघायला लागली.

शंभरपैकी बावीस. मी नुकताच माझ्या आईच्या मरणाचा सीन वाचून संपवला होता. कपाळाला साक्षीपट्टी, आवाज हवा तिथे कापरा, हवा तिथे थांबलेला. दोन पोरी तर रडतही होत्या. आणि ते मेलं यंत्र म्हणत होतं की बाई, हे घडलेलं नाही, हे तू रचलंयस.

मी नेमिषा मगदूम. कोल्हापुरात पटकथालेखनाच्या एम.ए.ला, शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही म्हणाल, पटकथा लिहायला माणसं लागतात कुठे आता? बरोबर आहे. यंत्रं सकाळी चहा होईस्तोवर वर्षभराचे भाग लिहून देतात. लोकांनी दोन वर्षं ते मिटक्या मारत बघितलं आणि मग त्यांना त्याची शिसारी आली. सगळं कसं नीटनेटकं, सगळं कुठेतरी बघितल्यासारखं. तेव्हा वाहिन्यांनी अनुभवमुद्रा काढली. मालिकेच्या सुरुवातीला एक छोटा लाल शिक्का दिसतो, की यातला मुख्य प्रसंग खऱ्या माणसाच्या आयुष्यात खरोखर घडलेला आहे. शिक्का असला की लोक बघतात. नसला की कुणी ढुंकूनही बघत नाही.

हा शिक्का देते साक्षीपट्टी. तिचं शास्त्र सोपं आहे. घडलेली गोष्ट आठवताना मेंदूतले बघण्याचे, ऐकण्याचे, वासाचे कोपरे पुन्हा जागे होतात, त्या दिवशी झाले होते जवळजवळ तसेच. रचलेली गोष्ट सांगताना कपाळामागचा भाग जास्त राबतो, कारण त्याला जुळवाजुळव करावी लागते. माणूस प्रसंग मोठ्याने वाचतो आणि पट्टी या दोन्हींचं प्रमाण मोजते. सत्तरच्या वर गेलं तर शिक्का. पट्टी आवाज साठवत नाही, मजकूर साठवत नाही. कायद्याने तिला फक्त तारीख आणि आकडा ठेवायची मुभा आहे. आमच्या विभागाचा नियम असा की एका प्रसंगाला तरी शिक्का मिळाल्याशिवाय पदवी नाही.

"मगदूम," हुपरीकर सर म्हणाले. सरांनी उमेदीच्या काळात मालिकांचे अकराशे भाग लिहिले होते आणि त्या अकराशे भागांतला सगळा खडूसपणा त्यांच्या जिभेवर उतरला होता. "आई गेली तेव्हा तू खोलीत होतीस?"

"नाही सर. मी बाहेर दवाखान्याच्या पॅसेजमध्ये होते, थर्मास घेऊन. चौदा वर्षांची होते. आत काय झालं ते आप्पांनी नंतर सांगितलं."

"म्हणजे ऐकीव. ऐकीव माल आणून इथं टाहो फोडतेस होय? आप्पा आहेत का अजून?"

"आहेत की."

"मग त्यांना बांध पट्टी. जवळच्या नातेवाइकाची साक्ष चालते. मात्र त्यांनी तुझा सीन शब्दन् शब्द वाचायचा. उगीच इकडचं तिकडचं बोलायचं नाही."

माझ्या सीनमध्ये आई आप्पांचा हात धरून म्हणते, "नेमूला खूप शिकवा. ती मोठी लेखिका होणार." आप्पांनी हे मला आई गेली त्याच दिवशी सांगितलं होतं. मी नऊ वर्षं या वाक्यावर जगले होते. बारावीला सायन्स सोडलं ते या वाक्यावर, एम.ए.ला आले ते या वाक्यावर. वर्गात कुणी माझ्या लिखाणाला नावं ठेवली की मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणायची आणि मान ताठ करायची.

रविवारी मी जयसिंगपूरला गेले. शिरीन नदाफ ही आमच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ आणि माझी एकमेव मैत्रीण. तिने एक फिरती पट्टी दिली होती, आणि आकडा तिच्या लॅबच्या नोंदीत आपोआप जाणार होता. आप्पा म्हणजे भूपाल मगदूम, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे साडेपाचला ताटं धुऊन आप्पा मोकळे होते.

"ह्ये बांधल्यावर शॉक न्हाई न्हवं बसत?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं विजेच्या खांबावर काढलेला माणूस! मी हसले. ते चष्मा लावून हळूहळू सीन वाचायला लागले. हातही धरला, वाक्यही म्हटलं.

सतरा.

पट्टी सैल असेल म्हणून मी आवळली. पुन्हा वाचून घेतलं. सोळा.

"आप्पा?"

आप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसत बसले.

"नेमू, तू ल्हान हुतीस. बाहेर पॅसेजात थर्मास धरून हुबी हुतीस. मी बाहेर आल्या आल्या इचारलंस, आई माझ्याबद्दल काय म्हणाली? मग काय सांगू?"

"म्हणजे आई तसं म्हणालीच नाही?"

"न्हाई."

मला असा राग आला म्हणून सांगू! नऊ वर्षं या माणसाने मला त्याच्या स्वतःच्या डोक्यातलं एक वाक्य चघळायला दिलं होतं, आणि तेही इतकं टुकार, पाठ्यपुस्तकातलं. "मग काय म्हणाली ती? आता खरं सांगा. पट्टी काढायची नाही."

 आप्पा फरशीकडे बघत बोलायला लागले. दवाखान्यातल्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडलेला होता. पंखा सारखा पाचवर फिरायचा आणि आईच्या अंगावरची चादर उडायची. आप्पा ती एका हाताने दाबून धरत होते आणि त्यांच्या डोक्यात येत होतं, खिशात टेस्टर असता तर आत्ता दुरुस्त केला असता. आईने विचारलं, नेमू कुठाय? आप्पा म्हणाले, बाहेर हाय, आणू का? तेव्हा आईने डोळे उघडले आणि तीन वाक्यं बोलली.

"नेमूला आत आणू नका. ती सगळं ध्यानात ठेवती. ह्ये नको तिच्या ध्यानात ऱ्हायला."

मग ती काही बोलली नाही.

त्र्याण्णव. आमच्या विभागात आजवर कुणाचाही एवढा आकडा आला नव्हता.

मी रडले. खोटं का सांगू, पोट दुखेस्तोवर रडले. मी लहानपणी खरंच सगळं ध्यानात ठेवायची, कुणाच्या लग्नात कोण कुणाशी भांडलं, दुधवाला कुठल्या दिवशी कुठला शर्ट घालून आला. आईला ते माहीत होतं. शेवटच्या श्वासातही तिने माझ्या ध्यानाची काळजी केली होती. ते टुकार वाक्य यापुढे काहीच नव्हतं. आप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं बघ सांगितलं. लई जड झालं हुतं."

आणि त्यांचा हात डोक्यावर असतानाच माझ्या मनात आलं, काय सीन आहे! माझी मलाच लाज वाटली. पण ती काही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नाही.

हुपरीकर सरांनी नवा ड्राफ्ट वाचला आणि लाल पेन उघडलं.

"सोनं आहे मगदूम. पण मातीसकट आणलंयस. हे तिसरं वाक्य कशाला?"

"सर, तेच तर..."

"'हे नको तिच्या ध्यानात राहायला.' अगं, ती का आणू नका म्हणते हे प्रेक्षकाला कळू दे की त्याचं त्याला. न बोललेलं ठेव. दोन वर्षं मी इथं काय घसा फोडला? जे पात्राच्या पोटात आहे ते ओठावर आणायचं नाही. काप."

मी कापलं. कापल्यावर सीन खरंच चांगला वाटला, हेच तर वाईट. "नेमूला आत आणू नका. ती सगळं ध्यानात ठेवती." अंगावर काटा येत होता. आप्पांनी हा ड्राफ्ट वाचला, एक्क्याऐंशी आले. शिक्का मिळण्याइतके होते. तिथे मी थांबायला हवं होतं. शिरीन तर सरळ म्हणाली, "आता गप शिक्का घे आणि सूट इथनं."

पण महिन्याभराने मुंबईची एक वाहिनी विभागात येणार होती, पाचांपैकी एका पटकथेची निवड करायला. सर पुन्हा पेन घेऊन बसले. "दुसरं वाक्यही काप. 'ध्यानात ठेवते' म्हणजे काय? वहीत लिहून ठेवते? गोड आहे ते. मला गोड नको, भांडण हवंय. आईला पोरगी नकोय. मरतानाही नकोय! अख्खा महाराष्ट्र जेवणाचं ताट बाजूला ठेवेल."

"पण ती तसं नव्हती म्हणाली सर."

"आणू नका म्हणाली की नाही?"

"म्हणाली."

"मग अर्थ तोच. तू फक्त धार लाव." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "आत आणू नका तिला. मला तिचं तोंड बघायचं नाही."

सर जबरदस्तीने करवून घेत होते असं सांगायला मला आवडेल. पण कुणी माझा हात धरला नव्हता. मी ते वाक्य वाचलं आणि मला ते आवडलं. माझ्या मरणाऱ्या आईच्या तोंडी घातलेलं ते वाक्य मला आवडलं, कारण आमच्या वर्गात कुणाकडेच तसलं वाक्य नव्हतं.

नव्या वाक्यासकट आप्पांचा आकडा आला अडतीस.

"साहजिक आहे," शिरीन म्हणाली. "घडलंच नाही ते."

"वाढवता येईल का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथेच गप्प बसली असती. मग तिने समजावलं, कदाचित मी घाबरेन म्हणून. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. काढली की ती मऊ होते, नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी, आणि पुन्हा वाळायला तिला पाच-सहा तास लागतात. तेवढ्या वेळात तिच्यावर जे उमटेल ते तिच्यासकट वाळतं. म्हणून साक्षीदाराने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची नसते. रोज आठवायचं आणि रोज त्यावर नवं वाक्य म्हणायचं, असं केलं तर महिन्याभरात जुनं वाक्य उरतच नाही.

"म्हणजे पट्टीला फसवता येतं," मी म्हणाले.

"पट्टी नाही फसत नेमे. आप्पा फसतील. आणि ते परत मागे आणता येत नाही. तुझ्या आईचं ते बोलणं जगात फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. कळतंय का तुला काय करायला निघालीयस?"

मला कळत होतं. मी तिला म्हणाले, "तीन वाक्यं मी लिहून ठेवलीयत की वहीत. जातात कुठं?"

त्या संध्याकाळी मी आप्पांना फोन केला. म्हणाले, आप्पा, माझं वर्ष जाईल. एवढंच म्हणाले, पुढे काही सांगावंच लागलं नाही. ज्या माणसाने वरून हुकूम आला की भर पावसात खांब चढायचा असतो एवढंच आयुष्यभर केलं, त्याला आणखी काय सांगायचं?

रोज सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी मी फोन करायची. "आप्पा, डोळे मिटा. खोली बघा. पंखा बघा. चादर धरलीयत ना? आईचं तोंड दिसतंय? आता ती काय म्हणते?"

पहिल्या आठवड्यात ते अडखळायचे. "नेमूला आत... न्हवं, आत आणू नका तिला. मला तिचं... नेमू, ह्ये लई वंगाळ वाटतंय गं बोलायला."

"आप्पा, सीन आहे तो. नाटकात नाही का लोक बोलत?"

"व्हय, व्हय. परत म्हणतो." आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारायचे, "बरोबर आलं का?"

दुसऱ्या रविवारी बावन्न आले. त्यांनी गवार निवडताना, झाडांना पाणी घालताना, जैन मंदिरातून येतानाही सराव केला होता, अगदी मी सांगितलं नव्हतं तरी. तिसऱ्या रविवारी सहासष्ट. शिरीनने आकडा नोंदीत बघितला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. मी म्हटलं, राहिलं. शिक्का आल्यावर समजूत काढू.

निवड समितीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून कोल्हापूरला आले. विभागाच्या छोट्या सभागृहात वाहिनीची तीन माणसं, हुपरीकर सर, आमचा वर्ग. आप्पांना पट्टी बांधली. त्यांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. डोळे मिटले आणि बोलायला लागले. पंखा आला, चादर आली, आईने डोळे उघडले.

"आत आणू नका तिला. मला तिचं तोंड बघायचं नाही."

त्यांचा आवाज फुटला. माझ्या तेवीस वर्षांत मी तो तसा फुटलेला कधीच ऐकला नव्हता. टोपी काढून त्यांनी तोंडाला लावली.

शहाऐंशी.

टाळ्या पडल्या. वाहिनीची बाई उभी राहिली. सरांनी येऊन आप्पांचे दोन्ही हात दाबले, "धन्य आहात हो!" माझी पटकथा निवडली गेली, शिक्का बसला. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मी गर्दीतून आप्पांकडे बघत होते, ते आता विचारतील, बरोबर आलं का? त्यांनी विचारलं नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते. 

निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी घरी गेले. चार-साडेचार वाजले असतील. आप्पा दारापुढच्या सोप्यात बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय किंचित मागे घेतले.

"आप्पा, पास झाले. पहिली आले."

"बरं झालं."

"पेढा घ्या की."

"ठेव तिथं."

मी पेढ्याचा खोका ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही. मग म्हणाले, "नेमू, मी लई इचार केला. नऊ वरसं मी तुला खोटं सांगत आलो, शिकवा म्हणाली म्हणून. तुला वाईट वाटू नये म्हणून. पण तुझी आई, त्रिशला, उगीच बोलणारी बाई न्हवती. कुणाला कधी टोचून बोलली न्हाई ती. मग सोताच्या पोटच्या पोरीला आसं का बोलली आसंल?"

"आप्पा, ती तसं बोललीच नव्हती. ते मी लिहिलंय. सरांनी आणि मी."

"गप."

"देवाशप्पथ आप्पा! ती म्हणाली होती, नेमूला आत आणू नका, ती सगळं ध्यानात ठेवती, ह्ये नको तिच्या ध्यानात ऱ्हायला. तुम्हीच मला सांगितलंत, इथेच बसून. त्र्याण्णव आले होते त्या दिवशी."

मी पर्समधून वही काढली, तारीख दाखवली. फोनवर पट्टीची नोंद काढली. तिच्यात तारीख होती आणि त्र्याण्णव हा आकडा होता. कुठल्या वाक्याला त्र्याण्णव, ते नव्हतं. आप्पांनी वही हातात घेऊन तीन वाक्यं वाचली, ओठ हलवत, सावकाश. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल म्हणून मी पापणी न लवू देता बघत होते. काहीच आलं नाही.

"आसं मी सांगितलं?" ते म्हणाले. "सांगितलं आसंल. तुझं मन राखायला सांगितलं आसंल. पहिलं न्हाई का एक सांगितलं हुतं, शिकवा म्हणाली म्हणून? तसंच ह्ये दुसरं. चांगलं वाक्य हाय. पण त्रिशलाचं न्हाई."

"आहे आप्पा. तिचंच आहे. मी तुमच्या पाया पडते."

"नेमू, मी हुतो तिथं. तू बाहेर हुतीस."

 मी रडायला लागले. माझी आई शेवटच्या क्षणी माझ्यासाठी जे बोलली ते आता या जगात फक्त माझ्या वहीत होतं, माझ्याच अक्षरात, आणि माझ्या अक्षरातल्या कशावरच कुणी विश्वास ठेवावा असं मी काही ठेवलं नव्हतं.

आप्पा माझं रडणं थांबायची वाट बघत बसले. पूर्वी मी रडले की त्यांचा हात डोक्यावर यायचा. आज तो मांडीवरच राहिला. शेवटी त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"आता मी म्हातारा झालो. मला खोटं ऐकून घ्यायचं न्हाई आनि सांगायचं बी न्हाई," ते म्हणाले. "सरळ सांग. काय केलं हुतंस तू तिला?"

"काही नाही आप्पा."

"काय तरी केलं आसशील. आठव."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे पुसले, डोळे मिटले आणि आठवायला लागले.